'बाल व कुटुंब मानसोपचारक': गोव्यातली सेवा, पाटीवरच्या पदव्या आणि त्यांची पारख

पणजी, पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव अशा ठिकाणी 'बाल व कुटुंब मानसोपचारक' किंवा 'चाइल्ड अँड फॅमिली थेरपिस्ट' अशा पाट्या आता दिसतात. काही नावांपुढे पदव्यांची माळ असते, काहींपुढे नुसतेच 'सर्टिफाइड'. वाळपई-डिचोलीहून कदंब बस पकडून मुलाला घेऊन येणाऱ्या आईवडिलांना या माळेतला खरा मणी कोणता ते कोणी सांगत नाही. म्हणून या परीक्षणात एखाद्या दवाखान्याला तारे दिलेले नाहीत. गोव्यात ही सेवा कोणकोणत्या दारांतून मिळते, त्या दारामागच्या माणसाची तयारी काय असायला हवी आणि काम नीट चालले आहे हे कशावरून ओळखावे, ते पाहिले आहे.

आमचे मत आधीच सांगतो. पदवी हवीच, पण आम्ही जास्त वजन देतो ते वरिष्ठाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर घालवलेल्या तासांना. या एका गोष्टीची चौकशी पालक सहसा करत नाहीत, आणि फसगत तिथेच होते.

शब्दांचा घोळ प्रथम सोडवू. 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध लागणार असेल तर ते याच डॉक्टरने लिहायचे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणजे मानसशास्त्रात एमए करून, त्यापुढे दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल (किंवा भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, या सरकारी संस्थेने मान्य केलेला दुसरा अभ्यासक्रम) रुग्ण तपासत पुरा केलेली व्यक्ती. या व्यक्तीची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. 1992 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. नोंदणीला मुदत असते, तेव्हा ती चालू आहे का तेही बघा. क्रमांक विचारल्याचा राग येणारी व्यक्ती मुलासाठी नको.

'सायकोथेरपिस्ट', 'काउन्सेलर', 'फॅमिली थेरपिस्ट' हे शब्द मात्र पुनर्वास परिषदेच्या कायद्याने कोणासाठी राखून ठेवलेले नाहीत. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही नोंदणीच्या कक्षेत आले आहेत, पण त्या व्यवस्थेची घडी अजून पुरती बसलेली नाही. त्यामुळे दोन वर्षे बालविभागात घासून काम केलेली बाई आणि दोन शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेला गृहस्थ, दोघेही आज एकच पाटी लावू शकतात. पदव्यांच्या माळेत एनएलपी, हिप्नोथेरपी, 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन' असे मणी पुढे आणि मूळ शिक्षण मागे असेल तर सावध राहा. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. तसल्या अहवालावर पैसे घालवू नका.

यात एक पदवी दुर्लक्षित राहते, ती म्हणजे मनोरुग्ण सामाजिक कार्यातले एमफिल. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत हे शिक्षण घेतलेली माणसे घरी जाऊन, आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांशी बोलून काम करायला शिकलेली असतात. प्रश्न मुलापेक्षा घराचा असेल, म्हणजे आईबापांचे पटत नाही, दारू आहे, घरात मृत्यू झालाय, तर आम्ही अनेकदा या शिक्षणाला क्लिनिकल सायकॉलॉजीच्याही वर ठेवू.

परदेशी शिक्षणाच्या पाट्याही गोव्यात कमी नाहीत, कारण इथल्या घराघरांतली माणसे बाहेर शिकून येतात. ब्रिटनमध्ये 'चाइल्ड सायकोथेरपिस्ट' म्हटले की असोसिएशन ऑफ चाइल्ड सायकोथेरपिस्ट्स या 1949 साली स्थापन झालेल्या संस्थेची मान्यता पाहतात. तिथले क्लिनिकल प्रशिक्षण चार वर्षांचे असते आणि त्यात स्वतःचे मनोविश्लेषण करून घ्यावे लागते. त्या परंपरेत शिकणारा एखाद्या घरी दर आठवड्याला तासभर जातो आणि नवजात बाळाकडे, आईकडे नुसता पाहत बसतो, बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत. सल्ला द्यायचा नाही, तिथे टिपणे काढायची नाहीत, परतल्यावर आठवून लिहायचे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एस्थर बिक यांनी 1948 मध्ये हा पाठ सुरू केला. अमेरिकेत 'मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' हा परवाना राज्य देते. कॅलिफोर्नियात तो मिळवायला देखरेखीखाली 3000 तास भरावे लागतात. पाटीवर यातले काही असेल तर त्या देशातल्या नोंदवहीतही नाव शोधता येते. 'लंडन रिटर्न्ड' एवढेच असेल तर कोर्स किती महिन्यांचा होता ते विचारा.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. तुमच्याकडे येणाऱ्यांत बारा वर्षांखालची मुले किती? सध्या तुमच्या केसेस कोणाबरोबर तपासून घेता आणि किती दिवसांनी? कोणती केस तुम्ही घेत नाही आणि ती कुठे पाठवता? उत्तर साधारण असे यावे: "दर पंधरवड्याला एक तास सीनिअरबरोबर बसते, मुलाचे नाव न सांगता केस मांडते. खाणे सोडलेली मुलगी आली तर आधी डॉक्टरकडे पाठवते, मी एकटी घेत नाही." उलट, "मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे, आता कोणाला विचारायची गरज पडत नाही," हे उत्तर आम्हाला काळजीचे वाटते. मुलाचे काम करताना थेरपिस्टच्याही मनात बाजू घेतली जाते. कधी मुलाची, कधी आईची. स्वतःचा हा कल स्वतःला दिसत नाही, तो दुसऱ्याने दाखवावा लागतो.

देखरेखीचे मोल गोव्याला वेगळे सांगायला नको. पर्वरीच्या 'संगाथ' या 1996 साली सुरू झालेल्या संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींचे उपचार देता येतात हे दाखवले, आणि 2017 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या समुपदेशकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून, गुण देऊन चर्चा होत असे. तो अभ्यास मोठ्यांचा होता, मुलांचा नव्हे; पण पाठीवर कोणाचा तरी हात आणि कामावर कोणाची तरी नजर असली की काय साधते ते त्यातून कळते.

आता दारे. सरकारी सेवेत बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे सगळे जिला आयपीएचबी म्हणतात ती, आणि शेजारचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. पदव्यांच्या बाबतीत हे दार सर्वांत भरवशाचे, कारण नेमणूकच पात्रता तपासून होते, आणि मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजकार्यकर्ते असे निरनिराळे हात एकाच आवारात असतात. उणीव वेळेची. गर्दीच्या ओपीडीत दर आठवड्याला त्याच माणसाबरोबर पाऊण तास मिळेलच असे नाही. निदान, औषध, चाचणी आणि प्रमाणपत्र यांसाठी आम्ही इथेच पाठवू. लांब पल्ल्याच्या खेळोपचारासाठी, म्हणजे खेळातून केलेल्या उपचारासाठी, मात्र दुसरे दार जोडीला धरावे. सहा वर्षांखालच्या मुलाचे बोलणे, चालणे, समज मागे असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी.

संस्थांमध्ये 'सेतू'सारखी बालविकास केंद्रे बालविकासतज्ज्ञ, थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांना एका छताखाली आणतात. स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा), अध्ययन अक्षमता यांत हेच उपयोगी, कारण अशा मुलाचे काम एका माणसाच्या आवाक्यातले नसते. शाळांत गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतले समुपदेशक येतात. ते पहिली पायरी म्हणून उत्तम: शिक्षकांशी त्यांचे रोजचे बोलणे असते, फी नसते, आणि वर्गात खरोखर काय घडते ते त्यांना दिसते. खोल उपचार त्यांच्याकडून अपेक्षित नाहीत, आणि चांगला समुपदेशक ते स्वतःच सांगून पुढे पाठवतो. रात्री-अपरात्री कोणी हवे असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098, दोन्ही नि:शुल्क.

ऑनलाइन सेवेविषयी आमचे मत स्पष्ट आहे. पालकांच्या बैठकीसाठी ती चांगली, आणि बाप बोटीवर किंवा आखातात असला तर फारच मोलाची. सात-आठ वर्षांखालच्या मुलासाठी नुसती पडद्यावरची थेरपी पुरत नाही. मूल खुर्चीवरून उठून गेले की थेरपिस्टच्या हातात काही उरत नाही.

पहिल्या भेटी कशा चालल्या त्यावरून बरेच कळते. पहिली भेट सहसा फक्त आईवडिलांची, तास ते दीड तास. गरोदरपण, जन्म, बाळ कधी बसले, कधी चालले, दोन शब्द जोडून कधी बोलू लागले, झोप, खाणे, शाळा, आजार हे सगळे विचारले जाते. बोलणे उशिरा असेल तर ऐकण्याची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न यायलाच हवा. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाबाबत वय, बद्धकोष्ठ आणि लघवीची तपासणी आधी विचारली पाहिजे; पाच वर्षांच्या आत त्याला विकार म्हणतच नाहीत. शरीराचे कारण न तपासता थेट मनात शिरणारा थेरपिस्ट घाई करतो आहे.

याच भेटीत कागदावर घरातल्या माणसांचा नकाशा काढला जातो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, मुलांना खाली उभ्या रेघा, वारलेल्यावर फुली, भांडणाला नागमोडी रेघ. तीन पिढ्या मांडायच्या. पेडण्यातल्या एखाद्या घराचा नमुना घ्या: आठ वर्षांचा मुलगा, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते, डॉक्टरला काही सापडत नाही. कागदावर बापाच्या चौकोनाशेजारी बोटीवर गेल्याची तारीख पडते, आजीच्या वर्तुळावर दोन महिन्यांपूर्वीची फुली पडते, आणि त्या दोन्हींच्या मधोमध पोटदुखीची पहिली तारीख येऊन बसते. आई ते पाहून गप्प होते. कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. हा कागद न काढता जो 'फॅमिली थेरपी' म्हणतो, त्याला कुटुंबाबद्दल नेमके काय विचारलेत, असे जरूर विचारा.

गोव्यात मुलाचे बिनसले की कित्येक घरांत आधी देवाला कौल लावतात, प्रसाद घेतात, म्हणजे मूर्तीला लावलेली फुले-पाकळ्या कोणत्या बाजूला पडतात त्यावरून उत्तर घेतात. जाणता थेरपिस्ट हेही विचारतो आणि आदराने लिहून घेतो. प्रसादात काय निघाले आणि घरच्यांनी त्याचा अर्थ काय लावला, यातून दोष कोणाच्या माथी बसला आहे ते समजते. बऱ्याचदा तो सुनेच्या माथी असतो.

पुढच्या दोन-तीन भेटी मुलाच्या. खोलीत महागडी खेळणी लागत नाहीत. बाहुल्यांचे घर आणि त्यात सगळी पात्रे, म्हणजे आजी-आजोबाही. पाळीव आणि जंगली प्राणी, ठोकळे, माती, कागद, रंग. वाळूचा ट्रे असला तर तो साधारण 28 इंच लांब, 20 इंच रुंद, 3 इंच खोल आणि आतून निळा असतो, वाळू सारली की खाली पाणी दिसावे म्हणून. मूल त्यात जग मांडते. कोणता प्राणी कुंपणाबाहेर राहिला, कोण वाळूत पुरला गेला, दर आठवड्याला तेच पुरले जाते का, हे पाहायचे असते. एकाच मांडणीवरून 'हा बापाला घाबरतो' असा निकाल देणारा थेरपिस्ट कच्चा. टॅब्लेटवर गेम देऊन मुलाला बसवणे हा खेळोपचार नव्हे.

भाषेचा मुद्दा गोव्यात सर्वांत मोठा आहे आणि पाटीवर तो लिहिलेला नसतो. घरी कोकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, देवाची आरती मराठीत, शिवी आणि लाड कोकणीत. मूल रडते कुठल्या भाषेत, ते महत्त्वाचे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे आबे फारिया प्रवचनाला उभे राहून अडखळले, तेव्हा वडिलांनी कोकणीत हळूच 'कातर रे भाजी' (भाजी काप रे) म्हटले आणि त्यांची वाणी मोकळी झाली, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. पुढे संमोहनाच्या अभ्यासात नाव काढणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. थेरपिस्टला कोकणी-मराठी येत नसेल तर तो सात वर्षांच्या मुलाचे अर्धेच ऐकतो. आईला दुभाषी म्हणून बसवणे हा त्यावर उपाय नाही. मूल आईदेखत आईबद्दल बोलणार नाही.

चाचण्यांतही हीच भाषा आड येते. बुद्धिमापनासाठी आपल्याकडे मालिन यांची भारतीय मुलांसाठीची श्रेणी, बिने-कामत चाचणी अशा कसोट्या वापरतात. मराठी माध्यमाच्या मुलाला शब्दार्थाचे प्रश्न इंग्रजीतून विचारले की शाब्दिक गुण कोसळतात आणि हुशार मुलावर 'मंद' असा शिक्का बसतो. अहवाल हातात आला की पाहा: चाचणीचे नाव, तारीख, कोणत्या भाषेत घेतली, मूल त्या दिवशी कसे होते, उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण, आणि खाली सही-नोंदणी क्रमांक. नुसता एक आकडा लिहिलेला अहवाल परत करावा. स्वमग्नतेसाठीच्या भारतीय मापनश्रेणीत 40 बाबी असतात; 70 च्या खाली गुण म्हणजे स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. तीही पालकांना फोनवर विचारून भरायची नसते, मुलाला पाहून भरायची असते. अध्ययन अक्षमतेची चाचणी साधारण आठ वर्षांनंतरच विश्वासार्ह ठरते. पहिलीच्या मुलाला 'डिस्लेक्सिया' म्हणून कागद देणाऱ्यापासून लांब राहा. दहावीला जास्त वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर कोणाचे प्रमाणपत्र चालेल ते चाचणीचे पैसे भरण्याआधी शाळेत विचारा.

उपचार सुरू झाला की तो आठवड्यातून एकदा, 45 ते 50 मिनिटे. तीन-चार भेटींनंतर पालकांची एक स्वतंत्र भेट. सहाव्या भेटीच्या आसपास उजळणी. उद्दिष्ट कागदावर असावे आणि मोजता येण्यासारखे असावे: 'मूल सुधारावे' असे नको, 'आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी चार दिवस रडारडीशिवाय शाळेत जावे' असे हवे. हट्टी, आदळआपट करणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काम पालकांना शिकवण्याचे असते. रोज दहा मिनिटे मुलाच्या मर्जीचा खेळ, त्यात हुकूम नाही की परीक्षा घेणारे प्रश्न नाहीत. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, आणि मग थोडे थांबायचे. शाबासकी नेमकी: "चप्पल जाग्यावर ठेवलीस, बरे केलेस."

इथे बहुतेक घरांत जे बिघडते ते असे. आरडाओरड्याकडे लक्ष देणे बंद केले की पहिले आठ-पंधरा दिवस तो वाढतो. मुलाने आजवर जे करून मिळवले, ते मिळेनासे झाल्यावर ते आधी जोर लावून पाहते. पालक घाबरतात, किंवा आजी मध्ये पडून चॉकलेट देते, आणि मुलाला धडा मिळतो की आणखी मोठ्याने ओरडले पाहिजे. हे आधीच बजावून न सांगणाऱ्या थेरपिस्टचे कार्यक्रम दुसऱ्या आठवड्यात मोडतात. आजीला एका बैठकीला बोलावलेच पाहिजे. दुसरा बिघाड म्हणजे ट्यूशनसारखे मुलाला दारात सोडून बाजारात जाणे. तिसरा, गणेश चवथीच्या सुट्टीत खंड पडला की परत न येणे. शेवटच्या दोन-तीन भेटी निरोपाच्या ठेवाव्या लागतात, एरवी मुलाला आणखी एक माणूस न सांगता गेले असे वाटते.

गुप्ततेचे नियम पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजेत. मुलाने खोलीत जे सांगितले ते सगळे पालकांना मिळत नाही. जिवाला धोका असेल तर मिळते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे थेरपिस्टवर बंधनकारक आहे. 'घरातल्या घरात मिटवू' म्हणणारा थेरपिस्ट कायदा मोडतो आहे आणि मुलाला त्याच छताखाली परत पाठवतो आहे. मुलाच्या ताब्याच्या वादात एका पालकाच्या बाजूने पत्र मागू नका; जो मागताक्षणी देतो त्याच्याकडे मुलाला नेऊ नका.

पहिल्या भेटीला लसीकरणाचे कार्ड, जुने अहवाल, शाळेची दोन प्रगतिपुस्तके आणि मुलाची एक वही न्या, सुबक नव्हे तर रोजची. मुलाला आदल्या दिवशी संध्याकाळी खरे काय ते सांगा: "उद्या आपण एका ताईकडे जाणार. सुई नाही, औषध नाही. ती मुलांशी खेळते आणि बोलते. घरात आपल्याला सगळ्यांनाच जड जातेय, म्हणून आपण सगळेच जाणार आहोत."